वारजाईचे नैर्ऋत्य दार

खाडीच्या टोकावर दिसते ते वारजाईचे देऊळ. नैर्ऋत्य ही संकटांची दिशा, तिकडे दार ठेवू नये, असे शास्त्र सांगते. या देवळाचे एकुलते दार नेमके नैर्ऋत्येला आहे, आणि त्याला कवाड नाही. याचे कारण आमचे वडीलधारे सांगत, तसेच सांगतो.

देऊळ प्रथम दक्षिणाभिमुख होते. दक्षिण समुद्रावरच्या वाऱ्याने देवीला वचन दिले होते म्हणे, की दर ज्येष्ठात पाऊस घेऊन सरळ तुझ्या दारी येईन. वारा येई, पण दाराशी नव्हे. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यावर आदळे. तीन वर्षे तो कोपरा ढासळला. गावकर धर्णोजींनी निवाडा दिला: वारा वचनभंगी आहे, मूर्ती घाटावर न्यावी.

देवीपुढे दिवा लावण्याची सेवा भिवरा कुंभारणीच्या घराण्याकडे होती. देवी गेली, तर तो दिवा कायमचा विझणार होता. ती मूर्तीपुढे आडवी उभी राहिली. मग तिने देवळापुढे चाक मांडले. कुंभाराच्या चाकाला बाईने हात लावू नये, ही रीत. तिने ते स्वतः फिरवले, तेही नेहमीच्या उलट, आणि चुन्यात बुडवलेले बोट कडेपासून मध्याकडे सरळ ओढले. चाक थांबले, तेव्हा रेघ वाकडी उमटली होती.

"बोट सरळ गेले, हे सर्वांनी पाहिले," ती म्हणाली. "वाराही सरळच निघतो. त्याच्याखाली आपली भुई या चाकासारखी फिरते, म्हणून तो दार चुकून कोपऱ्यावर येतो."

"काय गे भिवरे," धर्णोजी म्हणाले, "चाकाला हात लावलास, आता भुईलाही फिरवतेस?"

"फिरवणारा वेगळा आहे, गावकरदादा. चाकावरच्या मुंगीला चाक स्थिरच वाटते."

वारा आडू नये म्हणून तिने नैर्ऋत्येला बिनकवाडाचे दार आणि समोर ईशान्येला झरोका मागितला. त्या दाराने संकट आत येईल, असे सर्वांनी बजावले.

"येऊ दे. चार महिने मी उंबऱ्यात बसते. आधी मला गाठेल."

धर्णोजींनी एका पावसाळ्यापुरती मुभा दिली. ती बसली. वारा तिच्या डोक्यावरून आत आला आणि देवीचे पाय भिजवून झरोक्यातून निघून गेला. भिंतीचा एक चिरा हलला नाही, आणि दिवाही विझला नाही, असे सांगतात. दुसऱ्याला खोटे ठरवण्याआधी आपल्या पायाखालची भुई तपासावी, एवढेच ती शिकवून गेली.

आजही ज्येष्ठात देवळापुढे चाक मांडतात. ते बाईच फिरवते, आणि उलटेच. दार बुजवा म्हणणारे शहाणे दरवर्षी येतात. आम्ही त्यांना उंबरा दाखवतो आणि चार महिने बसायला सांगतो. अजून कोणी बसलेले नाही.