घसा बसलेला माठ

माणसं माठ वाजवून घेत, त्या काळातली गोष्ट. कुंभाराच्या दुकानात एक रंगवलेला माठ होता. बुडाला बारीक चीर, पण तोंड सगळ्यांत मोठं. दिवसभर तो इतर माठांना प्रामाणिकपणावर व्याख्यान देई.

एकदा गोदाक्का माठ घ्यायला आल्या. "आक्का, मी अगदी शंभर नंबरी बरं का!" माठ म्हणाला. त्यांनी बोट उचललं. टकटक केल्यावर आवाज आला, बद्द!

"जरा घसा बसलाय," माठ घाईघाईने म्हणाला.

"हो का? मग मघापासून बडबडतोयस कशाने?" म्हणत आक्कांनी शेजारचा गप्प माठ वाजवला. तो खणखणला, तोच त्यांनी घेतला.

रंगीत माठाचं मात्र भलंच झालं. तो आता पाटलांच्या दिवाणखान्यात असतो. तिथे वाजवून कुणी बघत नाही, नुसत्या माना डोलावतात.