झुंबरशेटच्या हातात हिरव्या बांगड्या

धडाड्! सोमवारच्या भर बाजारी भागोजी कासाराची नवी कोरी गाडी वाघजाईच्या उतरणीवरून सुटली, ती थेट खालच्या चिंचेला जाऊन धडकली. बैल बिचारे आधीच निसटून बाजूला झाले होते. बांगड्यांचा झाला चुरा आणि भागोजीचा मोडला उजवा हात. कासाराचा उजवा हात, बरं का! लेकीसुनांना चुडा भरणारा! आणि तोही ऐन लग्नसराईत!

त्याची लेक सगुणी धावत आली. तिनं आधी बापाला बाहेर काढलं, मग गाडीत डोकं घालून बघितलं. तर समोरच्या पेटीतली उशी आपली झाकणाआड गाढ झोपलेली!

आता गाडीत उशी कशाला, तर ऐका. झुंबरशेट हा गाड्या बनवून विकणारा, राजाचा लाडका. त्यानं एक नवलाई काढली होती. बसणाऱ्याच्या पुढ्यात लाकडी पेटी, पेटीत पितळेची उसळती कमान आणि कमानीवर दाबून बसवलेली सावरीच्या कापसाची गुबगुबीत उशी. "गाडी धडकली रे धडकली की झाकण उडणार, उशी टुणकन बाहेर येणार, आणि माणूस अलगद उशीवर! अंगावर ओरखडा नाही!" असं तो बाजारात ओरडून सांगायचा. म्हणून तर भागोजीनं दुप्पट दाम देऊन ही गाडी घेतली होती.

सगुणी तडक दरबारात गेली.

"महाराज, उशी उघडली नाही, आबांचा हात मोडला. झुंबरशेटवर माझी फिर्याद आहे!"

झुंबरशेट पोटावरून हात फिरवत हसला. "महाराज, माझी उशी शहाणी आहे. मोठा धक्का बसला तरच उघडते. हिच्या बापाला बसला तो धक्का कसला! डोक्यावरची फुलांची पाटी खाली ठेवावी, तेवढा!"

"फुलांच्या पाटीनं हात मोडतो होय?"

"म्हाताऱ्याची हाडंच पापडाची, त्याला माझी उशी काय करणार?"

सगळा दरबार खो खो हसला. राजा मात्र हट्टाचा पुतळा. तो म्हणाला, "धक्का लहान की मोठा, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. पोरी, गुरुवारी तो धक्का माझ्यासमोर हजर कर! नाहीतर खोट्या फिर्यादीबद्दल गाढवावर उलटी बसवून तुझी धिंड काढीन!"

"अहो महाराज, बसून गेलेला धक्का मी आणू कुठून?"

"ते तुझं तू बघ!"

सगुणी घरी आली. शेजारची नवरी चुडा भरायला येऊन बसली होती. सगुणीनं बांगड्या चढवायला घेतल्या, पण मन कुठं थाऱ्यावर होतं? कट्! एक पिचली. नवरीचं तोंड एवढंसं झालं. तसा खाटेवरून भागोजी म्हणाला, "घाबरू नको ग पोरी. हातात नीट चढेपर्यंत पिचेल ती आमची."

सगुणी बापाकडे बघतच राहिली. मग एकदम खुदकन हसली.

गुरुवारी ती टोपली घेऊन दरबारात हजर!

"महाराज, धक्का आणायचा तर तो मोजायला तराजू हवा. हा माझा तराजू!" तिनं टोपलीवरचं फडकं काढलं. आत हिरव्यागार काचेच्या बांगड्या! "झुंबरशेटनी कोपरापर्यंत बांगड्या भराव्यात आणि गाडीत बसावं. तीच गाडी, तीच उतरण, तीच चिंच. धक्का फुलांच्या पाटीएवढा असला, तर एकही बांगडी पिचणार नाही. आणि मोठा असला, तर उशी येईलच की धावत! दोन्हीकडून शेट सुखरूप! भीती कसली?"

राजानं मांडीवर थाप मारली. "भरा बांगड्या!"

सगळं गाव उतरणीवर लोटलं. गाडीचं मोडकं चाक बदललं. सगुणीनं झुंबरशेटचा भाकरीएवढा पंजा हातात घेतला आणि लागली दाबायला.

"हात सैल सोडा, शेट! सासरी जाणाऱ्या पोरीसुद्धा एवढ्या कुरकुरत नाहीत!"

बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. भरल्या बांगड्या, चढला शेट गाडीत. चार शिपायांनी चाकं धरून ठेवली. शेटनं खाली बघितलं. उतरण ही एवढी! आणि तळाशी चिंच, जणू त्याचीच वाट बघत उभी!

"सोडू का, शेट?" सगुणीनं विचारलं.

किणकिण! किणकिण किणकिण!

"महाराज, धक्का आला!" सगुणी ओरडली. "गाडी जागची हलली नाही, आणि बांगड्या ऐका कशा वाजतायत!"

"सोडू नका! आईची आण, सोडू नका!" झुंबरशेट किंचाळला. "उशी नाही उघडायची! शोभेसाठी झाकणाच्या फटीवरच मोर रंगवलाय, वर रोगणाचे सात हात दिलेत! झाकण चिकटून बसलंय हो! ठाऊक होतं मला!"

"मोरानं गिळली होय उशी!" म्हणत राजा हसत हसत पुढं आला आणि त्यानं झाकणावर दाणकन बुक्की मारली.

फट्! उशी सुटली ती थेट राजाच्या तोंडावर! मुकुट एकीकडे, राजा दुसरीकडे, आणि मिशांत कापूसच कापूस!

तेवढ्यात गाडीतून झुंबरशेट टाळ्या पिटत ओरडला, "उघडली! बघा, उघडली की नाही माझी उशी?"

"उघडली हो, शेट!" सगुणी म्हणाली. "हात मोडला सोमवारी, आणि उशी आली गुरुवारी, समाचाराला!"

राजा जमिनीवर बसल्या बसल्या असा हसला, असा हसला, की डोळ्यांतून पाणी आलं. "पोरी, आता निवाडाही तूच सांग!"

"महाराज, आमच्या धंद्यात बांगडी हातात नीट चढेपर्यंत पिचली, तर ती कासाराची, गिऱ्हाइकाची नाही. शेटनी एवढंच शिकावं."

"शाब्बास!" राजा म्हणाला. "झुंबर, भागोजीला नवी गाडी दे. त्याचा हात जुळेपर्यंत त्याच्या घरची चूल तू पेटती ठेव. आणि यापुढं प्रत्येक गाडी विकण्याआधी चुडा भरून तूच तिच्यातून ही उतरण उतरायची!"

सगुणीला शालू मिळाला, आणि राणीवशाला चुडा भरायचा मानही मिळाला.

तेव्हापासून त्या नगरीत गाडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक चाकं बघत नाही की मोर बघत नाही. दुकानात पाय ठेवल्याबरोबर म्हणतं, "शेट, आधी हात दाखवा!"