किड्यांची आई

फार वर्षांपूर्वी, चिंचखोरीच्या पाटलांची जाईची बाग अजून नवी होती, तेव्हाची ही गोष्ट. बागेत एक दगडी तळं होतं. तळं आजही आहे. तेव्हाचे शहाणे गेले, ते बरंच झालं.

त्या तळ्याचा गाळ दर उन्हाळ्यात सगुणाबाई काढायची. तिची रीत ठरलेली. एका वर्षी अर्धंच तळं साफ करायचं, उरलेलं पुढच्या वर्षी. गाळाची पाटी काठावरच पालथी घालायची आणि दिवसभर त्या गाळाला हात लावायचा नाही. मग गाळातले मातकट, सहा पायांचे किडे हळूहळू पाण्याकडे सरकायचे. जे अडकत, त्यांना ती ओंजळीत घेऊन सोडायची. हे किडे पाण्यातली डासांची पिल्लं खातात आणि पुढे त्यांनाच पंख फुटून चतुर होतात, हे तिने बघून बघून जाणलं होतं. तिने सोडलेला किडा कधी मरत नसे, असं म्हणतात.

एका वर्षी रावजी पाटलाच्या लेकीचं लग्न निघालं. पाटलाला तळाचा दगड दिसेल इतकं स्वच्छ तळं हवं होतं, तेही एका दिवसात.

सगुणाबाई आडवी आली. "पाटील, एक दिस कळ काढा. ह्ये किडं मेलं तर पावसाळ्यात डास आवरायचं न्हाईत."

पाटील म्हणाला, "सोताचं प्वार राखता आलं न्हाई, आन् निघाली किड्यांची आई व्हायला."

तिचा लेक केरबा हिवतापाने गेला होता. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं, तरी गाव हसलं. हसायला त्यांची तोंडं उघडली कशी, हे मला आजही कळत नाही. तळं पार कोरडं केलं, दगड घासले, गाळ गाड्यांत भरून शेतात टाकला. किडे उन्हात तडफडून मेले. ओल्या पदरात मावले तेवढे घेऊन सगुणाबाई ओढ्याच्या डोहावर राहायला गेली.

पावसाळ्यात तळ्यावर डास घोंगावू लागले. घरोघरी माणसं हुडहुडली. माहेरी आलेली पाटलाची लेक तापाने फणफणली, तेव्हा पाटील डोहाकडे धावला. तेव्हा बरी आठवण झाली.

सगुणाबाई तशीच उठली. पदरात किडे घेऊन आली आणि सकाळच्या उन्हात तळ्यात उतरली. किडे तिच्या लुगड्यावर चढले, त्यांच्या पाठी उकलल्या आणि चतुर बाहेर पडले. एकाचे शंभर, शंभराचे हजार. आभाळ झाकोळलं. दुपारपर्यंत गावात डास उरला नाही, आणि पोरीचा ताप उतरला. तळ्यात नुसतं लुगडं तरंगत होतं, त्याला रिकाम्या काती चिकटलेल्या. सगुणाबाई चतुरांबरोबर उडून गेली, असं म्हणतात.

म्हणोत बापडे. मला वाटतं ती थकून जीवानिशी गेली, आणि तेवढं कबूल करायची गावाला लाज वाटली.

आजही चिंचखोरीत एका वर्षी अर्धंच तळं साफ करतात. गाळ दिवसभर काठावर ठेवतात. पहिली पाटी पाटलांच्या घरच्यांनी हाताने चिवडायची, आणि एकेक किडा पाण्यात सोडताना हात जोडून म्हणायचं, "किड्यांची आई, सांभाळ गं."

हे नाव तिला कोणी आणि कशासाठी दिलं, ते त्या घरात पोराबाळांना सांगत नाहीत. म्हणून मी सांगते.