राणी, पानवेल आणि पस्तावा

तर बरं का, एक होती राणी. कमळजा तिचं नाव. वेशीला लागून राजाचा पानमळा होता. पानमळ्यात वहाणा घालून जायचं नाही, हा रिवाज राजासुद्धा मोडत नसे. पण एकदा काय झालं, राणीच्या वहाणा होत्या नव्याकोऱ्या, जरीच्या. आता कोण काढत बसतंय, असं म्हणाली आणि तश्शीच आत शिरली. कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बघतात तर काय, सगळ्या वेली माना टाकून बसलेल्या. राजा असा भडकला, की विचारलं नाही, पुसलं नाही, सरळ गेनू माळ्याला धरलं. तीन दिवसांत मळा हिरवा झाला नाही, तर तिसऱ्या दिवशी मावळतीला ह्याला हात बांधून वाघाच्या रानात सोडा, म्हणाला. गेनूची बायको तान्हं लेकरू घेऊन राजवाड्याच्या दाराशी बसून राहिली.

राणीच्या घशाखाली घास उतरेना. सांगावं तर लाज जाते, न सांगावं तर माणूस जातो. मग ती गुपचूप मळ्यात गेली नि एका वेलीला म्हणाली, फार वाईट झालं गं. आणि वेल बोलली बरं का! म्हणाली, वाईट तर रस्त्यानं जाणाऱ्यालाही वाटतं. आणि तिची दहा पानं गळून पडली.

दुसऱ्या दिवशी राणी रडली. फार हळहळ वाटते, म्हणाली. आणखी वीस पानं गळली.

"हळहळ कुणाच्याही नुकसानीची वाटते," वेल म्हणाली. "आपल्या हातून घडलेलं मनाला खातं ना, त्याला पस्तावा म्हणतात. आणि तो मला नको सांगूस. ज्याचा जीव जातोय त्याला सांग."

मग तिसरा दिवस उजाडला आणि कललाही. सूर्य टेकला. गेनूचे हात बांधून त्याला वेशीवर राजासमोर आणलं. रानातून डरकाळी आली. तेवढ्यात राणी धावत आली आणि गावादेखत त्याच्यासमोर उभी राहिली.

"गेनूदादा, वहाणा घालून मळ्यात मी गेले होते. तुमच्यावर आळ आला, तरी मी गप्प बसले. मला पस्तावा झालाय."

सळसळ सळसळ करत मळा हिरवा झाला. एकच वेल मात्र सुकलेली राहिली. ही का नाही, राजानं विचारलं.

"ही राणीमुळं सुकलेली नाही," ती बोलकी वेल म्हणाली. "न विचारता शिक्षा कुणी दिली?"

राजाचा चेहरा उतरला. त्यानं आपल्या हातानं गेनूच्या दोऱ्या सोडल्या आणि तोच शब्द म्हणाला. हळूच म्हणाला, पण गेनूनं ऐकला. मग त्या वेलीलाही कोवळं पान फुटलं.

गेनू घरी गेला, लेकराला त्यानं उराशी धरलं, आणि सगळी सुखानं नांदली. चला, मिटा डोळे. आणि कुणाला काही कबूल करायचं असेल तर आत्ताच करा बाळांनो, म्हणजे झोप छान लागते.