हिरव्या कुप्या

पूर्वी प्रतिष्ठान नगरीत अरिमर्द राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व क्षेमंकर नावाने त्याचा अमात्य होता. अरिमर्दाने सख्ख्या भावाला विष घालून गादी मिळवली होती. चोराच्या मनात चांदणे! पाण्याचा पेलासुद्धा तो हुंगूनच तोंडाला लावी.

राजकन्या रेवती एकदा म्हणाली, "अमात्यकाका, आपल्या बागेत फुलपाखरे येतात, पण राहत का नाहीत?"

"इथे मध आहे, बाळ. पण त्यांच्या अळ्यांना खायला पान नाही," असे म्हणून क्षेमंकराने बागेत रुईची झाडे लावली. झाले! रुईचा चीक विषारी, हे कोणाला ठाऊक नाही? माळावरचे हे झाड महालाच्या बागेत कशाला, म्हणून राजाने पहारा बसवला. थोड्या दिवसांनी पहारेकरी धावत आले. "महाराज, पानांखाली हिरव्या कुप्या टांगल्या आहेत. वर सोन्याचे ठिपकेसुद्धा आहेत!"

राजा बागेत येऊन क्षेमंकरावर गरजला, "माझ्यासाठी विष साठवतोस?"

"महाराज, हे कोश आहेत. आत अळी झोपली आहे, फुलपाखरू होऊन उठेल."

"मग एक फोडून दाखव. खरे निघाले तर सुटलास, नाहीतर मान उडवीन."

एक कोश फोडला की सुटका होती. पण क्षेमंकराने हात मागे घेतला. "माझा जीव वाचवायला आतल्या अळीचा कसा घेऊ? मला इथेच बांधून ठेवा. कोश आपणहून उघडेल. त्यातून विष निघाले, तर खुशाल मान उडवा."

"लबाड! पळवाट काढतो आहे," राजा म्हणाला. त्याने क्षेमंकराचे हात बांधून त्याला रुईशेजारी बसवले आणि स्वतः तलवार घेऊन समोर बसला.

दुसऱ्या दिवशी एक कोश काळा पडू लागला. "विष पिकले!" म्हणत राजाने तलवार उपसली. रेवती रडत आडवी आली. "तात, थोडे थांबा ना!"

तेवढ्यात कोश तडकला. ओले, चुरगळलेले केशरी फुलपाखरू बाहेर आले आणि चढत चढत क्षेमंकराच्या हातावरच्या दोरीवर जाऊन बसले.

राजाचा चेहरा उतरला. शरमेने तो दोरी कापायला पुढे झाला.

"थांबा, महाराज," क्षेमंकर हळूच म्हणाला, "त्याचे पंख अजून ओले आहेत."

राजाने तलवार खाली ठेवली आणि तो त्याच्याजवळ मातीत बसून राहिला.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, शेजाऱ्याच्या झोळीत आपले हरवलेले भगवे वस्त्र, चीवर, शोधणारा हा नंदिय, तोच तेव्हाचा राजा. त्याला आवरणारी भिक्षुणी उत्तरा ही रेवती, आणि अमात्य मी होतो. आपल्यावरचा संशय फेडायला दुसऱ्याचा जीव खर्ची न घालणे, ही करुणा."