दारातली बाज

"एक दिवस कचेरीसमोर बसलो तर साथ पसरते, आणि रोज घरोघर फिरतो तेव्हा पसरत नाही? हे कुठलं गणित, बाबा?"

लतीफशाबाबा भिंतीला टेकून ऐकत होते.

विचारणारी होती अनुसया, आमच्या गावची आशाताई. दारोदार जाऊन ताप बघायचा, कोण खोकतंय ते विचारायचं, गोळ्या द्यायच्या, कुणाला घरात बसवायचं आणि कुणाला दवाखान्यात धाडायचं, हे तिचं काम.

करोनाचं पहिलं वर्ष होतं. शाळा बंद, आठवडी बाजार बंद. गावाबाहेर ओढ्याच्या काठाला बाबांची, फकिराची, एक खोली आहे, पुढं अंगण. त्याला आम्ही तकिया म्हणतो. मी तिथं झाडलोट करतो, पाणी भरतो. त्या वर्षात तकियावरही अनुसयाशिवाय कुणी येत नव्हतं.

अनुसया आली ती सकाळीच. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कचेरीसमोर सगळ्या आशाताई धरणं धरून बसणार होत्या आणि त्यांची पुढारी हीच. निघण्याआधी तिला बाबांचा शब्द हवा होता. बाबांना विचारल्याशिवाय तिनं लग्नसुद्धा ठरवलं नव्हतं.

दारात बाज आडवी टाकलेली होती.

ती बाबांनीच पहाटे टाकली होती. मलाही म्हणाले होते, आज अंगणातच राहा, आत येऊ नको. मला वाटलं, माणसाला कधी कधी एकटं बसावंसं वाटतं.

अनुसया बाज बघून हसली होती. "बाबा, तुम्ही पण झोन सील केला का? असल्या बाजेनं कोंबड्या अडतील, मी नाही."

बाबा आतून म्हणाले, तिथूनच बोल, बाई.

ती म्हणाली, लांबून बोलायला तुम्ही काय तहसीलदार आहात? आणि बाज ओलांडून आत गेली. तोंडाचा मास्क हनुवटीखाली ओढला आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकली.

बाबांनी पाय मागं घेतले.

आता आपल्याकडं असं आहे की थोर माणूस सहजासहजी पाय देत नाही. तो पाय मागं घेतो आणि आपण ते पुढं सरकून धरतो. लहानपणापासून हेच बघत आलो. तिनंही तेच केलं. गुडघ्यांवर पुढं सरकली, पाय धरले, कपाळ टेकवलं. बाबा भिंतीला टेकले. आणखी मागं जायला जागा नव्हती.

मी अंगणातून बघत होतो. मला भरून आलं होतं.

मग ती त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि बोलत राहिली.

निर्मलाचं सांगितलं. शेजारच्या गावची आशाताई. एका घरी ताप बघायला गेली, म्हाताऱ्याला उचलून बसवलं, हात उघडेच. आठ-पंधरा दिवसांत ती गेली. हातमोजे मागून मागून थकली होती. तालुक्याचे साहेब म्हणायचे, वरून आले की देतो. तीन वेळा निवेदन दिलं, तिन्ही वेळा त्यांनी चहा पाजला.

"तिला चार माणसांनी नेलं," अनुसया म्हणाली. "गावानं यायचं म्हटलं तर मीच अडवलं. तिच्या आईला मी अडवलं, बाबा. दोन्ही हात आडवे करून."

बोलताना तिनं ते तसेच आडवे धरले होते.

"मी रडलेही नाही. मला वाटलं, हे कुठंतरी बोलायची जागा येईल. आता म्हणतात, बोलू नका, साथ आहे. गप्प बसून मरा, ते चालतं."

बाबांनी विचारलं, किती जणी येणार.

ती म्हणाली, सगळ्या. तालुक्यात एकही घरी राहणार नाही.

"आणि तिथून कुठं जातील?"

"आपापल्या गावी. दुसऱ्या दिवशी कामावर… घरोघर."

हे म्हणताना ती क्षणभर अडखळली. पण बाई हुशार. लगेच म्हणाली, आम्ही अंतर ठेवून बसू, तोंडं बांधून बसू. लोकांना हे सगळं आम्हीच शिकवलं. आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही.

"बरं," बाबा म्हणाले.

तेवढंच. पण त्यांची नजर तिच्या हनुवटीखालच्या मास्कवर होती. मग ती नजर खाली आली, दोघांच्या गुडघ्यांवर. मी ते बघितलं आणि मला काही कळलं नाही, हे खरं आहे.

अनुसयाला राग आला. ती म्हणाली, साहेबांपुढं मान खाली घालू नको हे तुम्हीच मला शिकवलं. मी तेव्हा परकर नेसत होते. आज तुमच्या तोंडून एवढंसं 'बरं' निघतंय. जाऊ की नको, सरळ सांगा.

बाबांनी तिच्या पिशवीकडं बोट केलं.

"तुझ्या पिशवीत ते तापाचं यंत्र आहे ना?"

"आहे."

"माझ्या कपाळावर धर."

ती हसली. मग तिच्या लक्षात आलं की ते खरंच सांगताहेत.

ते यंत्र पिस्तुलासारखं असतं. माणसाच्या कपाळावर रोखायचं आणि चाप ओढायचा. गावातल्या लहानमोठ्या सगळ्यांवर तिनं ते रोखलं होतं. सरपंचावर, स्वतःच्या सासूवर. एक जण ऐकेना, त्याला तिनं त्याच्या लग्नाच्या मांडवात गाठून तपासलं होतं.

बाबांवर कधी रोखलं नव्हतं. तकियावर ती दर गुरुवारी येत होती, तरी नाही.

"तुमच्यावर कसं धरू?" ती म्हणाली. "हात उचलत नाही माझा."

"धर."

तिनं पिशवीतून यंत्र काढलं. हात लांब केला आणि तोंड दुसरीकडं वळवलं, जसं आपण कोंबडं कापताना बघत नाही तसं.

यंत्र वाजलं.

तिनं आकडा बघितला. यंत्र खाली घेतलं, पदरानं पुसलं, पुन्हा धरलं. या वेळी तोंड वळवलं नाही.

पुन्हा वाजलं.

अंगणात मी झाडू धरून उभा होतो. मी म्हटलं, काय झालं?

तिनं माझ्याकडं बघितलं. एकशे दोनच्या वर, असं ती म्हणाली.

काल रात्री बाबांनी भाकरी तशीच परत दिली होती. मी तिचे तुकडे करून कुत्र्याला घातले आणि झोपलो.

अनुसया तशीच बसली होती. मग तिचा हात हळूहळू वर गेला, हनुवटीखालच्या मास्कला लागला आणि तिथंच थांबला. आता वर ओढून काय उपयोग, असं तिला वाटलं असावं. तरी तिनं तो ओढला.

"कधीपासून?"

"काल दुपारपासून अंग दुखतंय. ताप आहे की म्हातारपण, ते कळेना. म्हणून बाज टाकली."

"तुम्ही पाय मागं घेतले…" ती म्हणाली.

बाबांनी पाय आणखी पोटाशी घेतले.

"मला वाटलं…"

तिला काय वाटलं होतं ते तिनं सांगितलं नाही. मला माहीत होतं. मलाही तेच वाटलं होतं.

अंगणाच्या फाटकापाशी गाडी लावून मालन उभी होती. ती पण आशाताई, अनुसयाची मैत्रीण, दोघी बरोबरच आल्या होत्या. उशीर होतोय म्हणून ती आत यायला लागली.

"मालन, आत येऊ नको."

"का गं, सगळा आशीर्वाद एकटीच घेतेस का?"

"तिथंच थांब. मागं सर."

मालननं तिचा आवाज ओळखला. कामावर असताना त्या दोघी हाच आवाज काढत. ती फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. मग अनुसयानं तिला तिथूनच सगळं सांगितलं. मालन गाडीच्या सीटवर बसायला गेली आणि बसलीच नाही.

अनुसया परत बाबांकडं वळली. आता ती कामाला लागली होती. बोटाला लावायचं यंत्र काढलं, श्वास मोजायला घड्याळ काढलं. मग पिशवीच्या तळातून हातमोजे काढले.

ते एकदाच वापरून फेकायचे असतात, एवढं मलाही ठाऊक आहे. हे तिनं धुऊन दोरीवर वाळवलेले होते, कितीतरी वेळा. पिवळट झाले होते आणि एकमेकांना चिकटले होते. तिनं ते फुंकून सोडवले. डावा चढला. उजवा चढवताना टर्रकन आवाज झाला आणि अंगठा बाहेर आला.

तिनं अंगठा मुठीत लपवला.

बाबांनी बघितलं होतं.

तिनं मूठ पदराखाली घेतली. मग म्हणाली, "उद्याचं बसणं रद्द करते. मला आता घरातच राहावं लागेल. मी नाही म्हटल्यावर बाकीच्या जाणार नाहीत. झालं तुमच्या मनासारखं."

"माझ्या मनात काय होतं?"

"आम्ही जाऊ नये."

"मी तुला माझ्या दारात अडवलं," बाबा म्हणाले. "कचेरीच्या दारात नाही."

"मग जाऊ दे त्यांना?"

"तू त्यांना काल भेटलीस?"

तिनं मान हलवली. काल दुपारी एका शाळेच्या पडवीत सगळ्या बसल्या होत्या. पण तेव्हा ती बाबांना भेटलेली नव्हती. काल तिला काही नव्हतं. असं ती म्हणाली आणि थांबली. तिनंच कितीदा लोकांना सांगितलं होतं की काही नाही असं वाटतं तेव्हाही असतं.

"म्हणजे जाऊ नये," ती म्हणाली.

"हातमोजे न घेता कामावर जावं?"

"नाही… तसंही नाही."

"मग?"

"मग तुम्ही सांगा ना, बाबा."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. निर्मलाच्या वेळी आलं नव्हतं ते आता आलं. मास्क भिजून तोंडाला चिकटला आणि तिला श्वास घेता येईना. बाबांचा हात तिच्या डोक्यावर ठेवायला उचलला गेला. अर्ध्या वाटेवर थांबला. त्यांनी तो परत मांडीवर ठेवला.

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाच्या डोक्यावरून हात मागं घेतलेला मी बघितला नव्हता.

फाटकापाशी मालन उभी होती. तिनं तिथूनच विचारलं, "ताई, बायका फोन करताहेत. काय सांगू?"

अनुसया बाबांकडं बघत राहिली. मीही बघत राहिलो…

बाबा भिंतीला धरून उठले. मी पुढं गेलो तर त्यांनी हातानंच मला लांब राहा म्हणून खुणावलं. दारातल्या बाजेपर्यंत आले आणि अलीकडंच थांबले. बाबांनी कधी कुणा साहेबाला तकियावर बोलावलं नव्हतं, कधी कुणाच्या दारात काही मागायला गेले नव्हते. आवाजही चढवला नव्हता. आता फाटकापर्यंत पोचावा म्हणून त्यांनी तो चढवला, आणि मध्येच खोकला आला म्हणून थांबून पुन्हा चढवला.

"मालन, तालुक्याला जा. साहेबांना सांग, तकियावरच्या फकिराला ताप आहे, तपासायला या. म्हणावं, उघड्या हातांनी या."