शेवटच्या पानावरचं मीठ

फार मागे, समुद्र आतापेक्षा माणसांच्या जवळ राहायचा ना, तेव्हा काय झालं, खाडीच्या काठी एक गाव होतं. गावाला लागून मिठागरं. पांढरेशुभ्र मिठाचे ढीगच्या ढीग. गावात बाकी कशाचीही टंचाई असेल, पण मिठाची नाही.

गावाच्या कडेला बायकांचं एक घर होतं. त्याला सगळे माहेरघर म्हणायचे. कुणाचा नवरा समुद्रावरून परत आला नाही, कुणाला सासरच्यांनी हाकललं, तर कुणाला मुळात कुणीच नव्हतं. अशा सगळ्याजणी तिथे राहायच्या. घर सांभाळायची मथुरामावशी. कमरेत वाकलेली, पण जीभ ताठ. तिच्या हाताखाली भानू. भानूचा नवरा बुडाला तेव्हा पोटातलं पोर घेऊन ती इथे आली होती. ते पोर म्हणजे सोनकी, अजून झोळीतच झोपणारी.

तर एकदा असं वादळ आलं की माहेरघराचं छप्परच उडालं. पावसाळा तर तोंडावर. आता लेकीला घेऊन जायचं कुठे? भानू रडायलाच लागली. मावशी म्हणाली, "रडून कौलं येत नाहीत, पोरी. आपण पंगत घालू."

म्हणजे काय, तर घरोघर शिधा मागायचा, रांधायचं, अख्ख्या गावाला जेवायला बसवायचं. आणि जेवून जाताना ज्याने त्याने आपल्याला जमेल ते दारातल्या घंगाळात टाकायचं. त्यातून छप्पर उभं करायचं.

मावशीने भानूला जवळ बसवून बजावलं. "एक पान जास्तीचं मांड, आयत्या वेळी येणाऱ्याचं. एकही माणूस जेवत असेल तोवर पंगत उठवायची नाही. आणि सगळ्यांत आधी मीठ वाढायचं. पानाच्या डाव्या कोपऱ्यात. बिनमिठाचं पान म्हणजे उघडं दार."

"उघडं? कुणाला?"

मावशी खाडीकडे बघून हळूच म्हणाली, "हपाप्याला."

हपाप्या खाडीच्या चिखलात राहायचा, बरं का. बिनमिठाचं पान दिसलं की येऊन बसायचा. खायचा, खायचा, आणि अन्न कमी पडलं की वाढणारीलाच घेऊन जायचा. मावशीची धाकटी बहीण यमू अशीच शेजारच्या गावात पंगतीला वाढायला गेली होती. परत आलीच नाही. तिच्या हातातली पळीसुद्धा सापडली नाही. मावशी ही गोष्ट घरात येणाऱ्या प्रत्येकीला एकदाच सांगायची.

ए, पांघरूण डोक्यावरून घेऊ नकोस. जीव गुदमरेल. मी आहे ना इथे.

मग पंगतीचा दिवस आला. दिवेलागणीला गाव जमलं. पानं मांडली. भानू अंगणातल्या टोपल्यांतून मिठाचं ताट भरून निघाली. चिमूट चिमूट मीठ वाढत गेली. शेवटच्या, त्या जास्तीच्या पानाशी पोचली आणि आत सोनकी किंचाळून रडायला लागली. आईच ती! ताट ठेवलं खाली आणि धावली. झोळीला झोका दिला, पोर निजवलं, परत आली. लोक खोळंबलेले. तिने घाईघाईने भात उचलला, बिरडं वाढलं, खीर वाढली. आणि हात जोडून म्हणाली, आपण म्हणतो तसंच म्हणाली, "सावकाश होऊ द्या मंडळी. कमी काही पडायचं नाही."

तेवढ्यात शेवटच्या पानावर कुणीतरी बसलं.

काडीसारखा बारीक माणूस. अंगावर काळी घोंगडी, आणि घोंगडीतून पाणी ठिबकतंय. ठप्. ठप्. पापणी म्हणून लवत नव्हती. भानूच्या मनात आलं, असेल बिचारा कुणी वाटसरू.

तो जेवायला लागला. दोन घासांत पान साफ. "भात," तो म्हणाला. भानूने वाढला. "भात." परत वाढला. भाताचं पातेलं खरवडून झालं. मग तो म्हणाला, "बिरडं." अख्खं बिरडं गेलं. घोंगडी आता अंगाला घट्ट बसायला लागली होती. मग म्हणाला, "खीर." खिरीचं पातेलं त्याने उचलून तोंडाला लावलं. आता त्याचं डोकं उघड्या वाशांना टेकलं, आणि घोंगडीतून पोटाशी कुठेतरी बांगड्या वाजल्या. किण किण. किण किण.

लोकांचे घास हातातच राहिले. एकाला उठून पळायचं होतं. त्याच्याकडे मान वळवून पाहुणा म्हणाला, "बस खाली. मी जेवतोय. एक जेवत असताना पंगत उठत नाही. पंगतीचे नियम मला ठाऊक आहेत."

मावशीच्या हातातला तांब्या गळून पडला. "भानू," ती कशीबशी म्हणाली, "हाच तो गं. हपाप्या."

हपाप्या भानूकडे वाकला. त्याच्या तोंडाला चिखलाचा वास येत होता. "तू म्हणालीस, कमी काही पडायचं नाही. वाढ आता. नाहीतर तू ये पानात. आणि तुझ्यानंतर ती झोळीतली."

झोळीतली! असं म्हटल्यावर कुठली आई गप्प राहील?

भानूने खाली मान घालून पानाकडे पाहिलं. भात नाही, बिरडं नाही, खीर नाही. आणि डावा कोपरा... डावा कोपरा कोरडा ठणठणीत. तेव्हा तिला आठवलं. मीठ! आपण मीठच वाढलं नाही. दार आपणच उघडं ठेवलं. आधी तिला ब्रह्मांड आठवलं. आणि मग हळूहळू तिला एक सुचलं.

ती म्हणाली, "आहे ना पाहुणं, अजून एक पदार्थ आहे. खाडी आटेल, पण तो संपणार नाही. वाढू?"

"वाढ!" हपाप्या ओरडला. हावरटच तो. काय वाढणार, हेसुद्धा विचारलं नाही.

मग भानूने अंगणातली टोपली उचलली आणि त्याच्या पानात उपडी केली. मीठ! पांढरंशुभ्र, खडा खडा मीठ. हपाप्या मागे सरकला. "हे नको! हे उचल!"

भानू म्हणाली, "पानात वाढलेलं टाकायचं नाही. पंगतीचे नियम तुम्हाला ठाऊक आहेत ना?" ऐकलंस का रे, कारल्याची भाजी पानाखाली लपवणाऱ्या?

पंगतीतला एक म्हातारा म्हणाला, "टाकायचं नाही, पाहुणं." मग दुसरा म्हणाला. मग सगळी पंगतच म्हणायला लागली. आणि नियम तो नियम, हपाप्यालासुद्धा! त्याने एक मूठ तोंडात घातली. खाकरला. लहान झाला. माहेरघरातल्या बायका भराभर टोपल्या आणायला लागल्या. भानू वाढत गेली. हात थांबला तर लेक जाईल, म्हणून हात थांबवला नाही. दुसरी मूठ, तिसरी मूठ, हपाप्या लहान लहान होत चालला. शेवटी घोंगडी रिकामी होऊन खाली पडली आणि समोर बसला गुडघ्याएवढा एक हपाप्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी गाळत.

आणि घोंगडी हलली. पुन्हा ती किण किण. घोंगडीखालून एक बाई बाहेर आली. मग दुसरी. मग कितीतरी. गावोगावच्या पंगतींतून नेलेल्या वाढणाऱ्या, ज्या वयात गेल्या त्याच वयाच्या. सगळ्यांत शेवटी एक पोरसवदा मुलगी आली. हातात पळी. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हातारीला बरोबर ओळखलं.

"ताई," ती म्हणाली, "भात कमी पडला गं."

मथुरामावशीने यमूच्या हातातली पळी काढून घेतली, तिला धरून पाटावर बसवलं आणि म्हणाली, "बस. आज तू जेवायचं. भात मी नवा टाकते."

मग गावातल्या बाकीच्या बायका उठल्या. घरी गेल्या आणि ज्याच्या घरी जे होतं ते घेऊन आल्या. त्या वाढणाऱ्या बायका आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या पंगतीला बसल्या. भानूने त्यांना वाढलं. आधी मीठ, बरं का. प्रत्येक पानाला. आणि त्या रात्री घंगाळ असं भरलं की चौघांना उचलेना. मोठं छप्पर झालं. व्हायलाच हवं होतं, माणसं वाढली ना!

आणि हपाप्या? मीठ खाल्लं होतं त्याने त्या घराचं. खाल्ल्या मिठाला जागला. खाडीच्या बांधावर जाऊन बसला, आणि भरतीचं पाणी गावात शिरू लागलं की पाठ लावून अडवायचा. दर पंगतीला त्याचं पान मांडतात. चिमूटभर मीठ, मूठभर भात. तेवढ्यात त्याचं पोट भरतं.

भानू, सोनकी, मावशी, यमू, सगळ्या त्या छपराखाली सुखाने राहिल्या. बाहेर ठप् ठप् वाजतंय ना, तो आपला नळ आहे, दुसरं कुणी नाही. आज तुमच्या सगळ्यांच्या पानांत मीठ मी माझ्या हाताने वाढलंय. तेव्हा कूस बदला, डोळे मिटा, आणि झोपा गुपचूप.